दिगूची झील

आमच्या मंडळातले लोक म्हणतात, मी दिगू वानखडेवर जळतो. जळणारा माणूस वाळतो. माझ्याकडे पाहा. सदऱ्याचं खालचं बटण आणि त्याचं काज यांची गेल्या कित्येक वर्षांत भेट झालेली नाही. तेव्हा जळणं वगैरे काही नाही. दिगूचं नाव निघालं की छातीत जरासं करपल्यासारखं होतं आणि बायको न विचारता ताकाचा पेला आणून ठेवते, एवढंच.

दिगू म्हणजे दिगंबर वानखडे. मूळचा अकोल्याचा, डाबकी रोडचा. अमरावतीत आमच्या तंत्रनिकेतनात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, मी यंत्रशास्त्र. ही पगाराची ओळख झाली. खरी ओळख खंजिरीची. मी आमच्या भजन मंडळाचा मुख्य गायक आणि दिगू माझा झीलकरी. झील म्हणजे पुढच्यानं ओळ टाकायची आणि मागच्यानं ती खाली पडू न देता उचलायची. पुढच्याला श्वास घ्यायला सवड मिळते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं कुठं तुटलंच नाही.

माझा आवाज साधा नाही. साईनगरात मी वरचा सूर लावला की बडनेरा स्टेशनात उभी असलेली गाडी सुटते. गार्डाच्या शिट्टीशी माझं जुळतं, त्याला मी काय करणार. अशा आवाजाच्या मागं बसणं म्हणजे थ्रेशरच्या तोंडाशी बसून पोथी वाचणं. चार झीलकरी आले आणि गेले. त्यातल्या एकाला कमी ऐकू येऊ लागलं, एक चिखलदऱ्याला बदली मागून निघून गेला. दिगू तेवढा टिकला.

अंगानं तो कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीसारखा. चालताना नेहमी माझ्या उजव्या खांद्याच्या जरासा मागं. मोटारसायकलवर निघालो तरी तसाच. मी ब्रेक दाबायच्या आधी त्याचा ब्रेक दाबलेला असायचा. चहाच्या टपरीवर मी जे सांगीन ते त्याचं. एकदा मी मुद्दाम एरंडेल मागितलं. टपरीवाला माझ्याकडे पाहत राहिला, तेवढ्यात मागून दिगू म्हणाला, "दोन करजो."

प्राध्यापकांच्या सभेत एकदा बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं की वीज गेली तर वर्कशॉपमधलं लेथ मशीन बैलावर चालवता येईल. सभा गार पडली. दिगू उठला आणि फळ्यावर दोन बैलांची ताकद मांडून दाखवली. प्राचार्यांनी समिती नेमली. त्या समितीचा अध्यक्ष मीच झालो आणि घरोघर बैल पाहत हिंडलो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून रे दिग्या, मी वेड्यासारखा बोललो हे तुले समजलं नाही?"

"समजलं ना भौ."

"मंग?"

"पुढच्याले एकटं पाडू नये."

हे त्याचं पेटंट वाक्य. इतर वेळी त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे कोरड्या बोअरला पंप लावण्यासारखं होतं.

या वाक्याचा साक्षात्कार साऱ्या परतवाड्याला झाला तो भजन स्पर्धेत. भजन माझं, चाल माझी, आणि विसरायचोही मीच. तिसऱ्या कडव्यात झाडू होता: गाव झाडा, मन झाडा, असं. चौथ्यात दिवा होता: 'दिवा पेटव गड्या आता, रात झाली फार.' मंडप खच्चून भरलेला, समोर परीक्षक, आणि मी आकाश फाडून गायलो, 'झाडू पेटव गड्या आता, रात झाली फार.'

पेटीवाल्याचा हात सुरावरच राहिला. तबलेवाला माझ्याकडे पाहू लागला. आणि मागून दिगू आला, 'झाडू पेटव गड्या आता.' अशा खात्रीनं आला की जणू त्यांच्या घरी सात पिढ्यांपासून संध्याकाळी झाडूच पेटवतात. मग सारं मंडळ आलं. मंडपातल्या बायका माना डोलवू लागल्या. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, अहंकाराचा झाडूदेखील शेवटी जाळून टाकायचा असतो, हा विचार आम्ही आजवर कुठल्याच भजनात ऐकला नव्हता. पहिला नंबर आला. आजही परतवाड्याकडचे लोक तो अर्थ कीर्तनात सांगतात.

येताना जीपमध्ये दिगू म्हणाला, "एकटा चुकला त चूक असते. दोघं चुकले त चाल होते."

मला तेव्हा वाटलं, देवानं हा माणूस खास माझ्यासाठी घडवला आहे. तसं वाटलं नसतं तर पुढं करपलंही नसतं.

दिगू तेव्हा कॉलेजात फवारणीचे ड्रोन बनवत होता. संत्र्याच्या झाडावर औषध मारायला एक ड्रोन पुरत नाही आणि दोन चालवायला दोन माणसं लागतात. म्हणून त्याची कल्पना अशी, की पुढचं माणसानं चालवायचं आणि मागचं आपल्या अकलेनं त्याच्या सोबत जाईल. चाचणी माझा साळा बंडू याच्या बागेत ठरली. पुढचं ड्रोन कोण चालवणार हा प्रश्नच नव्हता. मी हयात असताना पुढं दुसरा कोण असणार?

दोन्ही यंत्रं वर गेली. काय देखणं दिसत होतं ते. मी डावीकडे वळवलं की मागचं डावीकडे, मी खाली आणलं की तेही खाली, मध्ये तेवढंच अंतर. बांधावर बंडूकडची पाव्हणे मंडळी उभी होती. मी त्यांना हात दाखवायला वळलो. एवढ्यात माझं ड्रोन विहिरीत गेलं. धप्प. आणि मी पुन्हा वळून पाहतो तर दुसरं, अगदी अदबीनं, तेवढंच अंतर राखून, त्याच विहिरीत गेलं.

बंडू काठावर जाऊन बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊजी, एक बुडालं ते समजलं. तुमच्या हाती होतं. पण दुसऱ्यानं काहून जीव देला?"

सारे हसले. मी सर्वांत मोठ्यानं हसलो. दिगू हसला नाही. पाण्यावर बुडबुडे येत होते, ते थांबेपर्यंत तो वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, "त्याले म्याच शिकवलं होतं."

त्या दिवसापासून माणूस बदलला. त्याचं म्हणणं, मागच्यानं पुढच्याचा हुकूम ऐकावा, पण जमीन, पाणी, झाड आपल्या डोळ्यानं पाहावं. पुढचं विहिरीत गेलं तर मागच्यानं काठावर थांबावं आणि ओरडावं. हे यंत्राला शिकवायचं तर पुढं चुकणारा माणूस पाहिजे. सारा हिवाळा बंडूच्या बागेत मी चुकलो. चुकण्यात मी कसूर ठेवली नाही. झाडं झाली, विजेची तार झाली, बंडूचा बोकडही झाला. तो बोकड पुढं आभाळात घार दिसली तरी गोठ्यात शिरायचा. मी मुद्दाम चुकायला लागलो की दिगूला लगेच समजायचं. "तसं नको भौ. तू आपल्या मनानं उडव." आपल्या मनानं उडवलं की मी बरोबर चुकायचो, आणि मागचं ड्रोन वरच थांबून पिपाणीसारखं बोंबलायचं.

नागपूरच्या एका प्रदर्शनात दिगूनं ती जोडी उडवून दाखवली. तिथून बेंगळुरूच्या एका कंपनीचा फोन आला. फवारणीवाली कंपनी नव्हती ती. लढाऊ विमानांच्या सोबत उडणारी, माणूस नसलेली विमानं बनवणारी होती.

हे प्रकरण काय आहे ते दिगूनं मला राजापेठेत गिला वड्याच्या गाडीवर समजावलं. प्लेटमध्ये त्यानं एक वडा पुढं सरकवला आणि दोन त्याच्या मागं, आजूबाजूला ठेवले.

"हे फायटर. याच्यात पायलट. हे दोन त्याचे संगी, याच्यात कोणी नाही. हुकूम पायलटचा, पण रस्ता यायनं आपला आपण पाहाचा. पुढं धोका असला त आंधी यायनं जाऊन पाहाचं. पायलटवर काही आलं त यायनं मधात पडाचं."

"अन् पायलट चुकला त?"

"तेच त शिकवाचं हाय."

मी पुढचा वडा उचलून खाल्ला. मागचे दोन प्लेटमध्ये दह्यात बसून राहिले.

"म्हणजे झीलच झाली ना बे."

"झीलच," दिगू म्हणाला. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. परतवाड्याचा पहिला नंबर आला तेव्हाही नाही.

आता न्यायानं विचार करा. झील त्याला कोणामुळं समजली? विहिरीत कोण गेलं? ज्या चुकांवर ते ज्ञान उभं होतं त्यातली एक तरी चूक दिगूची होती का? आणि बोलावणं कोणाला, तर दिगूला. कॉलेजनं फाटकावर भलामोठा बॅनर लावला: आमचे अभिमान, प्राध्यापक दिगंबर वानखडे. त्यासाठी फोटो घेतला तो मंडळाचा. त्या फोटोत पुढं मी आणि मागं दिगू. बॅनरवाल्यानं मला कापून दिगू मोठा केला. मी इतका पसरलेला की सगळा कापला गेलो नाही. कोपऱ्यात माझा खंजिरी धरलेला पंजा तेवढा राहिला. येणारे जाणारे विचारायचे, हा हात कोणाचा? मी सांगायचो, देवाचा असंल.

दिगूनं होकार लगेच कळवला नव्हता. अकोल्याची मोठी स्पर्धा तोंडावर होती. मी त्याला विचारलं, "पहिला नंबर आला त राहशीन?"

"पाहू भौ," तो म्हणाला.

दिगूचं 'पाहू' म्हणजे दुसऱ्या माणसाचं 'हो'. मी कामाला लागलो. मंडळाला सकाळ-संध्याकाळ पिळून काढलं. घसा सांभाळायला मी मिरची सोडली. वऱ्हाडातल्या माणसानं मिरची सोडली याची बातमी मोझरीपर्यंत गेली, आणि तिकडून दोघं तिघं तब्येत पाहायला आले. मला तो पहिला नंबर ढालीसाठी नको होता. ढाली घरात इतक्या आहेत की बायको त्यावर पापड वाळवते. मला झीलकरी पाहिजे होता.

अकोल्यात उन्हाळा असा की सावलीसुद्धा घराबाहेर पडत नाही. तरी मंडप भरला. पुढच्या रांगेत दिगूची आई. पहिलं कडवं पडलं आणि मंडपातली कुजबुज थांबली. दुसऱ्याला टाळ्या. नंबर आमच्या ओंजळीत येऊन बसला होता. तिसऱ्याला मी रंगात आलो, डोळे मिटले, आवाज आणखी वर नेला, आणि दुसऱ्याच भजनाची ओळ टाकली.

मला काळजी नव्हती. मला माहीत होतं, मागून दिगू येईल आणि त्या ओळीचं सोनं करील. मी खंजिरी वाजवत वाट पाहिली. दिगू आला. पण तो बरोबर ओळ घेऊन आला, जी मी म्हणायला पाहिजे होती ती.

मला वाटलं, त्याला ऐकू आलं नसेल. मी माझी ओळ पुन्हा टाकली, बडनेऱ्याला ऐकू जाईल अशी. दिगूनं पुन्हा तीच बरोबर ओळ घेतली, आवाज न चढवता. आणि पेटी त्याच्याकडे गेली. तबला गेला. मागचे चौघे गेले. माझंच मंडळ माझ्या मागं बसून दुसरं गाणं गात होतं, आणि मी पुढं एकटा, एका वेगळ्याच भजनात. शेवटी मीही वळलो. काय करणार? लोकांना वाटलं काही नवीन प्रयोग आहे. परीक्षकांना तसं वाटलं नाही. दुसरा नंबर आला, आणि उत्कृष्ट झीलकरी म्हणून दिगंबर वानखडे.

मंडपामागं चहाची केटली होती. दिगू बशीत चहा ओतून फुंकत उभा होता.

"काहून केलं असं?"

"तू चुकला होता."

"आंधी का कमी चुकलो?"

"आंधी मी संगं येत होतो."

"मंग आज काय झालं तुले? तुह्या मायच्या समोर एकटं पाडलं मले."

त्यानं बशी खाली ठेवली. "भौ, ते खोटं होतं. सुरात होतं, पण खोटं होतं. तिथं वरतं पायलटसंगं असं खोटं गेलं त तो मरते. त्या मशीनले थांबाले शिकवता शिकवता माह्याच्यानं आता संगं जाणं होत नाही."

"मी का पायलट हाय? मी मरत होतो का? मले तेच खोटं पाहिजे होतं."

"माहीत हाय," दिगू म्हणाला. "म्हणून त इतके वर्ष देलं."

पंधरवड्याच्या आत तो बेंगळुरूला गेला. मी स्टेशनवर गेलो नाही. मला त्या दिवशी ताप होता. बायको म्हणते नव्हता, पण थर्मामीटर तिच्या माहेरचं आहे.

त्यानंतर मंडळात नवा झीलकरी आला. मी चुकलो की तोही चुकतो, अगदी मनापासून, माझ्याहून मोठ्यानं. त्याला माझी चूक समजतच नाही. त्याच्याकडे पाहिलं की मला राग येतो, आणि का येतो हे त्या बिचाऱ्याला सांगता येत नाही.

दिगू मला शेवटचा दिसला तो गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी. सोबत एक पोरगी. तिचं नाव मीरा. केस घट्ट बांधलेले, अंगानं दिगूसारखीच काडी. मला वाटलं त्याची विद्यार्थिनी असेल. ती निघाली पायलट. दिगूची ती बिनमाणसाची विमानं हिच्याच फायटरच्या सोबत उडवून पाहत होते. चिखलदऱ्याला फिरायला निघाली होती, दिगूच तिला वाट वाकडी करून माझ्याकडे घेऊन आला.

"सर आपके बारे में बहुत बोलते हैं," ती म्हणाली.

"काय बोलते?"

"कहते हैं, आपके पीछे बैठकर सीखा."

मी बायकोला चहा टाकायला सांगितला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "दिगूचं विमान काय करते, तुम्ही चुकल्या त?"

मीरा म्हणाली, "मुझे जहाँ होना चाहिए था, वहीं बना रहता है. पहले दिन मैंने उसे गाली दी. दूसरे दिन मैं उसके पास गई."

दिगू खाली सतरंजीकडे पाहत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. माझ्या मागं तो इतकी वर्षं बसला, त्याचे कान मी कधी लाल केले नाहीत.

तिनं भजन ऐकायचं म्हटलं. मी खंजिरी घेतली. दिगू मागं बसला. पहिलं कडवं टाकलं, त्यानं उचललं. काय सांगू, सगळं अंग हलकं झालं. दुसरं टाकलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पोरगी माझ्याकडे पाहतच नव्हती. ती दिगूकडे पाहत होती. मी श्वास कुठं घेतो आणि तो कुठून येतो, ते पाहत होती.

मग मी ठरवलं. हिच्यासमोर एकदा पाहायचंच, हा कोणाचा झीलकरी आहे ते. मी तिसरं आणि चौथं कडवं सोडून दिलं आणि एकदम शेवटचं टाकलं. जाणूनबुजून. अकोल्यात राहिला तसा हा आता जागेवर राहतो, की माझ्यासोबत येतो?

दिगू आला. एक मात्रा इकडे तिकडे झाली नाही. मी उडी मारली आणि तो माझ्यासोबत त्याच खड्ड्यात, पूर्ण गळ्यानं, परतवाड्याला आला होता तसा. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. कुस्ती मारलेल्या पैलवानासारखं मी मीराकडे पाहिलं.

तेवढ्यात मागून दिगूचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता.

"देखा? ये जानबूझकर था. इसलिए साथ गया."

मीरा पुढं सरकली. "आपको पता कैसे चला?"

"सच में भूलते हैं तो उसके पहले आवाज बढ़ती है. अभी नहीं बढ़ी."

"दुश्मन को चकमा देने मैं टेढ़ी जाती हूँ, तब वो साथ आता है. वो यही है?"

"वही है. यहीं से लिया."

मग ती दोघं सतरंजीवर समोरासमोर झाली आणि हातांची विमानं करून बोलू लागली. तिचा हात पुढं, दिगूचा मागं. मी खंजिरी धरून बसलो होतो. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अवो, थांबले काहून? म्हना ना पुढचं."

पुढचं काही उरलं नव्हतं, शेवटचं कडवं मी आधीच खर्चून बसलो होतो. तरी मी एक ओळ म्हटली. मागून कोणी आलं नाही. पोरीचा हात खिडकीच्या उजेडातून वर चालला होता. दिगूचा हात त्याच्या मागं होता, आणि तिचा हात वळायच्या आधीच तो वळून राहिला होता.